ब्रिस्केट संपलं की खिडकी बंद

खिडकी अकराला उघडणार होती. आम्ही पावणेदहाला पोचलो, तेव्हा पुढं एकतीस माणसं होती. मोजली ती भाच्यानं. ऑस्टिनमध्ये आठ वर्षं काढल्यावर ही सवय लागते म्हणे. पुढचा माणूस एकटा आहे की घरच्या सहा जणांसाठी घ्यायला आलाय, त्याच्याजवळ बर्फाची पेटी आहे का, यावरून तो मनातल्या मनात ब्रिस्केटचे वाटे घालत होता. “मिळेल रे मामा,” तो शेवटी म्हणाला, “पण बरगड्यांची खात्री देत नाही.” एवढं बोलून त्यानं गाडीतून दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, खडीवर टाकल्या आणि बूड टेकलं. रांगेत बसून उभं राहायचं असतं, हा धडा मला टेक्सासमध्ये मिळाला.

जागा म्हणाल तर काहीच नाही. पूर्व ऑस्टिनमधल्या एका बिअरबागेच्या मागचा खडी टाकलेला तुकडा, त्यावर चार-सहा लाकडी बाकं, एक जुना ओक, आणि कुंपणाला टेकून उभा असलेला पांढरा पत्र्याचा ट्रेलर. गाडीच्या मागं जोडून ओढून न्यायचा असतो तो. पण याची चाकं खडीत रुतली होती आणि त्यांच्याभोवती गवत वाढलं होतं. दोन-तीन वर्षांत तो जागचा हलला नसावा. ट्रेलरच्या मागं जाळी लावलेला पत्र्याचा पडवीवजा आडोसा. त्यात एक पंधरा-सोळा फुटांची काळी आडवी टाकी. एका टोकाला चौकोनी भट्टी, दुसऱ्या टोकाला धुराडं. त्यातून निळसर, जेमतेम दिसेल न दिसेल असा धूर. ट्रेलर म्हणजे फक्त विक्रीची खिडकी आणि मांस कापायचा ओटा. खरं दुकान ती टाकी.

आपल्याकडं बार्बेक्यू म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? कोळशाची शेगडी, सळईला लावलेलं पनीर, वरून ब्रशनं तेल. टेक्सासच्या माणसासमोर याला बार्बेक्यू म्हणालात तर तो सभ्यपणे हसेल आणि ते ग्रिलिंग आहे असं सांगेल. इथं मांसाखाली विस्तव नसतोच. विस्तव शेजारच्या खोलीत. त्याची ऊब आणि धूर टाकीतून मांसावरून वाहत जातात आणि पलीकडच्या धुराड्यातून निघून जातात. टाकी मुळात प्रोपेन गॅस साठवायची, पाचशे किंवा हजार गॅलनची. ती कापायची, दारं बसवायची, भट्टी जोडायची, झाला स्मोकर. पुष्कळ पिटमास्टर (भट्टी सांभाळणाऱ्याला इथं मानानं असंच म्हणतात) हे वेल्डिंग स्वतःच करतात. लाकूड ओकचंच, त्यातही पोस्ट ओक नावाच्या स्थानिक जातीचं, बरेच महिने वाळवलेलं. ओलं लाकूड घातलं तर धूर पांढरा, दाट येतो आणि मांस कडू होतं. म्हणून जाणकार आधी धुराडं बघतात, मग फळ्यावरचे भाव.

ब्रिस्केट म्हणजे गाईबैलाच्या छातीचं मांस. जनावराचं निम्म्याहून अधिक वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळं हा भाग आयुष्यभर राबलेला असतो, चिवट, धाग्याधाग्यांचा. एक तुकडा साडेपाच-सहा किलोचा. त्यावर मीठ आणि जाडसर काळी मिरी. मध्य टेक्सासमध्ये एवढंच, बाकी मसाल्याला हात लावला तर भुवया उंचावतात. मग साधारण 110 ते 135 अंश सेल्सिअसच्या धुरात बारा-चौदा तास. या चिवट भागात कोलॅजेन भरपूर असतं, सावकाश तापलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि चामड्यासारखा तुकडा बोटानं तुटेल इतका मऊ होतो. घाई केली तर पाणी निघून जातं आणि चामडं चामडंच राहतं.

यात एक गंमत आहे. मांसाचं आतलं तापमान चढत चढत पासष्ट-सत्तर अंशांपाशी येतं आणि तिथं थांबतं. तासन् तास. विस्तव तोच, लाकूड तेच, काटा हलत नाही. इथले लोक याला ‘स्टॉल’ म्हणतात. नव्या माणसाचा धीर इथंच सुटतो आणि तो भट्टी भडकावतो. कारण मात्र आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठाला पाझर फुटतो, पाणी उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. ब्रिस्केटही तसंच घामेजून स्वतःला गार करत बसतं. मग त्याला गुलाबी-बदामी रंगाच्या जाड खाटकी कागदात गुंडाळतात. वाफ अडते, काटा पुन्हा चढतो, आणि आतलं तापमान पंचाण्णवच्या आसपास पोचलं की काढायचं. लगेच कापायचं नाही. काही तास उबेत निजवायचं.

हे सगळं हिशेबात घेतलं की अकराची खिडकी समजते. आज अकराला जे कापलं जाणार, ते काल दुपारनंतर कधीतरी टाकीत गेलं. रात्रभर कुणीतरी अर्ध्या-पाऊण तासानं उठून ओंडका सरकवला. तेव्हा दुपारी एकला ब्रिस्केट संपलं तर ‘अजून थोडं करा’ याला अर्थच नाही. पुण्यात मिसळीचा रस्सा संपला म्हणून परत फिरलेल्या माणसाला हे नवं नाही. पण रस्सा दोन तासांत पुन्हा उकळता येतो, हे नाही.

आदल्या आठवड्यात बुधवारी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, अर्धा तास गाडी हाणून एका ट्रेलरपाशी गेलो होतो. खिडकी बंद, टाकी थंड, जाळीच्या दाराला कुलूप. बहुतेक ट्रेलर आठवड्यातले चार-पाच दिवसच चालतात आणि ते दिवस बदलत असतात, हे तिथं गेल्यावर कळलं. भाचा मला दोष देत होता आणि मी त्याला. शेवटी दोघांनी पेट्रोलपंपावरचे टाको खाल्ले. ते फारच चांगले होते, हे त्या दिवशी कुणी कबूल केलं नाही.

ऑस्टिनला ट्रेलर नवे नाहीत. शहरभर मोकळ्या जागांत टाकोपासून डोनटपर्यंत काय वाटेल ते चाकांवर विकलं जातं. पण बार्बेक्यूचा ट्रेलर जगाच्या नकाशावर आला तो 2009 च्या अखेरीस. ॲरन फ्रँकलिन आणि त्याची बायको स्टेसी यांनी 1971 सालचा एक जुनाट प्रवासी ट्रेलर दुरुस्त केला आणि आंतरराज्य महामार्ग 35 च्या कडेला, एका मित्राच्या कॉफी भाजायच्या जागेमागं उभा केला. दुकान घ्यायला पैसे नव्हते, एवढंच त्यामागचं धोरण. वर्षभरात रांग रस्त्यावर आली. 2011 च्या मार्चमध्ये त्यांनी पूर्व अकराव्या रस्त्यावर पक्कं दुकान घेतलं, त्याच वर्षी ‘बॉन आपेटी’ मासिकानं त्याला अमेरिकेतलं सर्वोत्तम बार्बेक्यू ठरवलं, आणि 2015 मध्ये फ्रँकलिनला जेम्स बियर्ड पुरस्कार मिळाला. बार्बेक्यूवाल्याला त्या विभागाचा सर्वोत्तम शेफ म्हणून. 2014 मध्ये बराक ओबामा तिथं आले आणि रांग मोडून पुढं गेले. मोबदला म्हणून मागच्या ग्राहकांचं बिल त्यांनी भरलं. ऑस्टिनकर ही गोष्ट सांगतात तेव्हा कौतुक जेवणाचं असतं आणि तक्रार रांगेची. त्यांच्या लेखी राष्ट्राध्यक्ष असला तरी रांग ती रांग.

फ्रँकलिन हे काही कुठल्या शाळेत शिकला नव्हता. मेनर रोडवर जॉन म्यूलरचं बार्बेक्यू होतं, तिथं तो काम करायचा, आणि ते बंद पडल्यावर तिथली भट्टी त्यानं विकत घेतली. हे म्यूलर म्हणजे घराणं. ऑस्टिनच्या ईशान्येला टेलर नावाचं गाव आहे, तिथं आजोबा लुई म्यूलर यांचं दुकान 1949 पासून आहे, भिंती धुरानं काळ्या पडलेल्या. नातू जॉन हा अवलिया आणि तापट. 2011 मध्ये त्यानं दक्षिण ऑस्टिनमध्ये ट्रेलर टाकला, त्यात बहीण लीॲन भागीदार होती. वर्षभरात भावाबहिणीचं बिनसलं, बहिणीनं भावाला काढलं आणि धंदा ‘ला बार्बेक्यू’ या नव्या नावानं सुरू केला. आता दोघंही हयात नाहीत. पण 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मिशेलिनचं टेक्सासचं पहिलंवहिलं मार्गदर्शक निघालं, तेव्हा ज्या चार बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा मिळाला, त्यात ‘ला बार्बेक्यू’ होतं. ‘लरॉय अँड लुईस’ही होतं, आणि त्याचा जन्मही 2017 मध्ये ट्रेलरमध्येच झालेला. तारे मिळाले तेव्हा दोघांची चाकं सुटून भिंती आल्या होत्या.

इथंच मला या शहराची तऱ्हा कळत गेली. आपल्याकडं माणूस आधी गाळा बघतो, पागडी भरतो, पाटी लावतो, मग आचारी शोधतो. ऑस्टिनमध्ये भट्टी आधी. ती पेटली, टिकली, तिच्यापुढं रांग लागली, तर मागाहून दुकान. ट्रेलर हा त्या भट्टीचा पत्ता असतो, तोही बदलता. म्हणून ‘ऑस्टिनमधलं चांगलं बार्बेक्यू कुठं?’ याचं दहा वर्षांपूर्वीचं उत्तर आज चालत नाही. चव तीच असेल, पण त्या जागी आता काचेची इमारत उभी असते.

या इमारतींचीही एक गोष्ट आहे, आणि ती जरा कडू आहे. 1928 च्या शहर आराखड्यानं ऑस्टिनमधल्या कृष्णवर्णीयांना ईस्ट अव्हेन्यूच्या पूर्वेला ढकललं. शाळा, बागा, सोयी तिकडंच द्यायच्या, म्हणजे ते आपोआप तिकडं जातील, असा हिशेब. पुढं त्याच ईस्ट अव्हेन्यूवरून महामार्ग 35 गेला. 1962 साली तो खुला झाला आणि रेघेची भिंत झाली. पूर्वेकडं जागा स्वस्त राहिली, मोकळे तुकडे राहिले. त्याच तुकड्यांवर नंतर ट्रेलर आले. ट्रेलरमागून रांगा, रांगांमागून कॉफीची दुकानं, त्यांच्यामागून तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारे भाडेकरू. माझा भाचाही त्यातलाच, हे त्यानं स्वतःच सांगितलं. जुने रहिवासी भाडं झेपेना म्हणून आणखी लांब गेले. सगळं खापर ब्रिस्केटवर फोडणं अन्यायाचं होईल, पण धूर दिसला की मागून बिल्डर येतो, असं रांगेतला एक म्हातारा म्हणाला ते विनोदानं नव्हे.

धुरावरून भांडणंही झाली. 2015 मध्ये ऑस्टिनच्या नगर परिषदेत एक प्रस्ताव आला होता. घरांच्या जवळ असलेल्या बार्बेक्यूवाल्यांनी धूर गाळायची यंत्रं बसवावीत, असा. पडदे, कपडे, उशा सगळ्याला ओकचा वास, ही शेजाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. बार्बेक्यूवाले म्हणाले, हे झालं तर आम्ही बंद. शेवटी प्रस्ताव बारगळला. हेच शेजारी शनिवारी रांगेत दिसतात की नाही, ते मात्र कुणी मोजलेलं नाही.

मुळात हे खाणं खाटकांचं. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक लोक येऊन वसले, त्यांनी खाटीकखाने काढले, आणि विकलं न गेलेलं मांस टिकावं म्हणून ते धुरावर धरू लागले, सॉसेज भरू लागले. कापसाच्या हंगामात मजूर येत, खाटीक कागदावर तुकडा तोलून देई, शेजारच्या वाण्याकडून पाव नाहीतर बिस्किटं, जागच्या जागी जेवण. ऑस्टिनपासून तासाभरावरच्या लॉकहार्टमध्ये 1900 पासूनचं ‘क्रॉइट्झ मार्केट’ आहे, तिथं वर्षानुवर्षं काटे देत नसत. पण ही अर्धीच गोष्ट. खड्ड्यात विस्तव करून अख्खी जनावरं भाजायचं कसब अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीतल्या आफ्रिकी माणसांचं, आणि ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या ‘बार्बाकोआ’वरून आलेला. हे हात बराच काळ कुठल्या पाटीवर नव्हते. आता एका ट्रेलरवर आहेत. ‘डिस्टंट रिलेटिव्ह्ज’, म्हणजे लांबचे नातेवाईक. डेमियन ब्रॉकवे हा कृष्णवर्णीय शेफ तो चालवतो आणि ब्रिस्केटच्या करपट कडांबरोबर चवळी शिजवतो. चवळी मूळची आफ्रिकेची. गुलामांच्या जहाजांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि त्याआधी कितीतरी शतकं व्यापाराबरोबर आपल्याकडं आली. मी ती वाटी हातात घेतली तेव्हा आधी गोडा मसाला आठवला, मग धूर लागला.

दुसरा असाच ट्रेलर ‘केजी बीबीक्यू’. करीम अल-घायेश हा कैरोचा. ऑस्टिनला आला असताना ब्रिस्केट खाल्लं, डोक्यात बसलं, पुढं वित्तक्षेत्रातली नोकरी सोडून इथं येऊन भट्ट्यांवर उमेदवारी केली आणि 2022 मध्ये एका बिअरच्या कारखान्याच्या आवारात स्वतःचा ट्रेलर उभा केला. तिथं ब्रिस्केट भातावर येतं, वरून डाळिंबाचे दाणे. मिशेलिनच्या 2024 च्या ‘बिब गुर्मां’ (माफक दरात उत्तम जेवण) यादीत हे दोन्ही ट्रेलर आहेत. हातात कागदी वाटी, पायाखाली खडी, आणि नाव मिशेलिनच्या यादीत, असं जगात फार ठिकाणी जमत नाही.

आता ब्रिस्केट गोमांस आहे याचं काय, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. माझी बहीण खात नाही, तिच्या घरात ते येत नाही, आणि भाचा खातो तो बाहेर. यात आम्हाला काही नवीन वाटलं नाही. आमच्या आजीच्या घरी मटण मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात, तीन दगडांच्या चुलीवर शिजायचं. आजोबा आणि काका तिथंच केळीच्या पानावर जेवून, हात धुऊन, मग घरात. विस्तव बाहेर आणि जेवणारेही बाहेर, ही व्यवस्था आमच्या रक्तात आहे. न खाणाऱ्यांसाठी सांगतो. खिडकीवर टर्की असते, डुकराच्या बरगड्या असतात. सॉसेज मात्र विचारून घ्यावं, त्यात बहुधा गोमांस मिसळलेलं असतं. बटाट्याची कोशिंबीर आणि कोबी निर्धास्त घ्यावेत. बीन्सच्या भांड्यात मांसाचे तुकडे असतात, शाकाहारी म्हणून घेऊन फसू नये.

बाराला दहा कमी असताना आमचा नंबर लागला. खिडकीत दंडावर गोंदलेला एक तरुण, हातात काळे मोजे, लांब सुरी. त्यानं कागद उलगडला. आतला गोळा कोळशासारखा काळा, चकाकणारा. हा वरचा थर म्हणजे ‘बार्क’, झाडाची साल. “लीन की मॉइस्ट?” त्यानं विचारलं. कमी चरबीचा भाग की जास्तीचा. मी भाच्याकडं पाहिलं, त्यानं न बोलता दुसऱ्याकडं बोट केलं. सुरी धाग्यांना आडवी चालवत त्यानं पेन्सिलीएवढ्या जाडीचे काप पाडले. प्रत्येक कापाला काळी कड, तिच्याखाली पातळ गुलाबी पट्टा, मग तपकिरी. गुलाबी पाहून मला ते कच्चं वाटलं. पण तो धुरातल्या वायूंनी मांसातल्या रंगद्रव्यावर केलेला परिणाम, शिजण्याशी त्याचा संबंध नाही. त्यानं एक काप बोटावर आडवा टाकून दाखवला. काप दोन्हीकडं लोंबला, तुटला नाही. मग दोन टोकं हलकेच ओढली आणि तो विलग झाला. हीच परीक्षा. शेवटी एक काळा, चरबीनं भिजलेला तुकडा सुरीच्या टोकावर पुढं केला. रांगेत उभं राहिल्याचा प्रसाद.

पाउंडाला तीस-पस्तीस डॉलर पडतात. रुपयांत रूपांतर करू नये, घास अडकतो. पत्र्याच्या ताटात कागद, त्यावर मांस, दोन पांढऱ्या पावाच्या चकत्या, कच्चा कांदा, काकडीचं आंबट लोणचं. तो पाव आपल्याकडच्या सर्वांत स्वस्त स्लाइस ब्रेडसारखा, मुद्दाम बेचव. तो वितळलेली चरबी पुसायला.

पहिला घास. मिरी आधी लागते, मग मीठ, मग धूर, आणि मग ते सगळं वितळून जातं, दातांना काम न देता. रायगडात थंडीत पोपटी लावतात, वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडकं उपडं, भोवती पेंढा पेटवलेला. त्या मडक्याचं तोंड उघडल्यावर जो वास येतो, त्याच्या जवळपास कुठंतरी हा वास आहे. पण पोपटी तासाभरात उरकते आणि तिच्यात गप्पांचा वाटा मोठा. इथं ताट समोर आल्यावर भाचा दहा मिनिटं बोललाच नाही. बरगड्या मिळाल्या, त्या चांगल्या होत्या. टर्की अपेक्षेपेक्षा फारच रसदार निघाली. सॉस ठेवला होता, एकदा लावून बघितला आणि बाजूला सारला.

एकला खिडकीतल्या पोरानं फळ्यावरच्या ‘ब्रिस्केट’वर खडूनं रेघ मारली. रांगेत अजून पंधरा-सोळा जण होते. कुणी आवाज चढवला नाही. निम्मे टर्कीवर थांबले, बाकीच्यांनी खुर्च्या मिटल्या. मागं जाळीच्या आत दुसरा माणूस कच्चे तुकडे ओट्यावर मांडून त्यांची चरबी तासत होता. उद्याचे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च बरे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि खडीवर सावली नसते. छत्री, पाणी, टोपी, खुर्ची आणि दोन तास हाताशी ठेवावेत. निघण्याआधी ट्रेलर आज उघडा आहे का आणि जागेवर आहे का, दोन्ही बघून घ्यावं.

घरी पोचलो तेव्हा बहीण गॅरेजच्या दारातच उभी होती. तिनं नाकाला पदर नव्हे, ओढणी लावली. “शर्ट इथंच काढ दादा, आत आणू नकोस.” मी काढला. तिनं तो चिमटीत धरून बाहेर कुंपणावर टाकला आणि मला धुतलेला कुर्ता दिला. मग भाच्याच्या हातातल्या पिशवीकडं बघत हळूच विचारलं, “लोणचं आणलंय ना?” त्यानं डबी पुढं केली. रात्री तिनं त्या काकड्या आमटीभाताबरोबर एकटीनं संपवल्या.